धनुष्याला चाके देणारे ॲलन

साधे धनुष्य जसजसे ओढावे, तसतसा हातावरचा ताण वाढत जातो. नेम धरण्याच्या ऐन क्षणी हात थरथरतो आणि बाण ढळतो. अमेरिकेतील मिसुरी राज्याचे धनुर्धारी शिकारी होलेस विल्बर ॲलन (१९०९-१९७९) यांनी धनुष्याची टोके कापून तेथे मध्य सोडून फिरणाऱ्या कप्प्या बसविल्या. दोरी पूर्ण ओढताच ताण उतरू लागला, बाण स्थिरावला. परंपरेच्या अभिमान्यांना हे धनुष्यच वाटेना. परंतु १९६६ साली मागितलेले पेटंट १९६९ मध्ये मिळाले. अशाच धनुष्याने साताऱ्याची आदिती स्वामी व नागपूरचा ओजस देवतळे २०२३ साली बर्लिन येथे जगज्जेते ठरले. विद्यार्थिमित्रहो, हात थरथरला म्हणून धनुष्य टाकू नये. तो का थरथरतो, हे शोधावे.