डॉ. पॉल डडली व्हाइट

हृदयविकाराचा झटका न पाहिलेले घर आपल्यांत विरळाच. पूर्वी अशा रोग्यास कित्येक आठवडे खाटेवरून हलू देत नसत. ह्या विश्रांतीला शास्त्राचा आधार देणाऱ्यांत बोस्टनचे डॉ. व्हाइट हे एक होत.

त्यांचा जन्म १८८६ साली बोस्टनच्या रॉक्सबरी भागात झाला. वडीलही डॉक्टर. हार्वर्डची पदवी १९११ साली घेऊन ते मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात रुजू झाले.

१९३९ साली त्यांनी डॉ. केनेथ मॅलरी व आणखी एका सहकाऱ्यासह झटका येऊन गेलेल्या ७२ मृतांची हृदये सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. रक्त न मिळाल्याने स्नायू मरतो. पहिल्या काही दिवसांतच रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात. त्यांच्यामागून मोठ्या भक्षक पेशी येऊन मेलेला भाग खाऊन टाकतात आणि मग हळूहळू व्रण भरतो. लहान जखमेस सुमारे पाच आठवडे, मोठीस दोन महिने. मधल्या काळात हृदयाची भिंत इतकी नाजूक असते की ती फुटूही शकते! ह्याच पेशींचा अतिरेक झाल्यास शेजारचा जिवंत स्नायूही दुखावतो, हे पुढे कळले.

सप्टेंबर १९५५ मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांना डेन्व्हर येथे झटका आला, तेव्हा व्हाइटसाहेबांना बोलावणे गेले. सुमारे सात आठवड्यांनी अध्यक्ष इस्पितळातून बाहेर पडले व १९५६ साली पुन्हा निवडूनही आले.

स्वतः डॉक्टरसाहेब म्हातारपणीही सायकल चालवीत. १९७३ साली, ८७ व्या वर्षी ते वारले. बोस्टनला चार्ल्स नदीकाठच्या सायकलरस्त्यास त्यांचेच नाव आहे.