भास्कराचार्य व त्यांचें स्वयंवह चक्र

महाराष्ट्रांत होऊन गेलेल्या थोर गणितज्ञांत भास्कराचार्यांचें नांव अग्रगण्य आहे. त्यांची लीलावती पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्यांनीं वर्णिलेल्या एका चमत्कारिक चाकाची हकीकत फारशी कोणी सांगत नाहीं. ती बोधप्रद असल्यामुळें येथें थोडक्यांत दिली आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ सालीं झाला. सह्याद्रीच्या आश्रयास वसलेलें विज्जडविड हें त्यांचें गांव. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी असून तेच त्यांचे गुरु होते. वयाच्या ३६ व्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ रचिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत. इ. स. ११८३ मध्यें, उतारवयांत, त्यांनीं करणकुतूहल हा आणखी एक ग्रंथ लिहिला.

पृथ्वी जड पदार्थांस आपल्याकडे ओढून घेते, असें त्यांनीं गोलाध्यायांत सांगितलें आहे. त्याच भागांत आपोआप फिरणाऱ्या चाकाची कृतीही आहे. हलक्या लाकडाचें चाक करावें. त्यास सारख्या पोकळीचे, सारख्या अंतरावर व जरा तिरपे असे आरे बसवावे. ते पाऱ्यानें अर्धे भरून बंद करावे आणि चाक दोन खांबांवर आंसानें टेकवावें, म्हणजे तें स्वतःच फिरूं लागेल. ही कल्पना ब्रह्मगुप्तांच्या इ. स. ६२८ च्या ग्रंथांतही आढळते. पुढें युरोपांतही अशीं चाकें करण्याचा नाद शतकानुशतकें चालला.

आरे तिरपे असल्यामुळें एका बाजूचा पारा परिघाकडे धांवतो व दुसऱ्या बाजूचा आंसाकडे परततो. लांबचें वजन अधिक जोर करितें. तेव्हां चाक फिरलेंच पाहिजे, असें प्रथमदर्शनीं वाटतें. परंतु एकाच बाजूकडे पाहून निर्णय करणें योग्य नव्हे. सर्व भागांचा मिळून गुरुत्वमध्य कोठें आहे, हें पाहिलें पाहिजे. आपल्या वर्धा जिल्ह्यांतील गाडीवानास हें चांगलें कळतें. कापसाचा बोजा मागें गेला तर गाडी उलाळ होते, पुढें गेला तर बैलांच्या मानेवर भार पडतो. म्हणून तो बोजा सारून एकंदर वजनाचा मध्य आंसाच्या जवळ आणतो.

हा मध्य काढण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक भागाच्या वजनास त्याच्या अंतरानें गुणावें, गुणाकारांची बेरीज घ्यावी व एकंदर वजनानें भागावें. दांडीच्या एका टोंकापासून २ हातांवर ३ शेर व ६ हातांवर १ शेर वजन असेल, तर बेरीज १२, एकंदर वजन ४, म्हणून मध्य ३ हातांवर. नवलाची गोष्ट ही कीं, निरनिराळ्या कसाचें सोनें एकत्र आटविल्यास मिश्रणाचा कस काढण्यासाठीं लीलावतींत दिलेली रीत हीच आहे. तेथें अंतराच्या जागीं कस एवढाच भेद.

आतां चाक तपासूं. तें एका आऱ्याइतकें फिरलें कीं प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागीं येतो व पाराही पूर्वीच्याच ठिकाणीं दिसतो. म्हणजे गुरुत्वमध्य होता त्याच उंचीवर राहिला. जड वस्तु खालीं उतरेल तेव्हांच तिच्यापासून काम मिळतें. येथें तर कांहींच उतरलें नाहीं, आणि आंसाचें घर्षण मात्र वेग खात राहिलें. म्हणून चाक अखेरीस थांबतें. पॅरिसच्या विज्ञान अकादमीनें इ. स. १७७५ मध्यें अशा यंत्रांचा विचारच न करण्याचें ठरविलें. आज यंत्रविशारद अनेक भागांचें यंत्र संगणकावर चालवून क्षणोक्षणीं त्याचा गुरुत्वमध्य कोठें सरकतो तें पाहतात. त्याही गणिताच्या मुळाशीं हीच रीत आहे.

यामुळें आचार्यांच्या थोरवीस उणेपणा येत नाहीं. यंत्रांचें वर्णन करितांना त्यांनींच सर्व यंत्रांत बुद्धीला श्रेष्ठ स्थान दिलें आहे. त्यांचा नातू चांगदेव यानें इ. स. १२०७ मध्यें चाळीसगांवाजवळ पाटण येथें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला. तेथील शिलालेख पुढें डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं प्रकाशांत आणिला. थोरांचें वचन त्यांच्याच रीतीनें पडताळून पाहणें हा त्यांचा अनादर नव्हे. खरें अध्ययन तें हेंच, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.