हर्ट्झ यांचे कमी माहीत असलेले काम

सोनोग्राफीच्या यंत्रावर ‘मेगाहर्ट्झ’ हा शब्द आम्ही डॉक्टर रोज वाचतो. रेडिओलहरी प्रयोगाने दाखवणाऱ्या हाइनरिक हर्ट्झ यांचे ते नाव. पण लहरींच्या आधी केलेले त्यांचे एक काम आज औषधाच्या गोळीपर्यंत पोहोचले आहे.

हर्ट्झ यांचा जन्म १८५७ मध्ये हॅम्बुर्गला झाला. १८८० मध्ये बर्लिनला त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी नाताळच्या सुटीत एक प्रश्न हाती घेतला. काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली की काच किंचित चेपते. किती? वयाच्या २३व्या वर्षी त्यांनी उत्तर काढले. दोन गोळे चेपत जातात तशी टेकलेली जागा वाढते, म्हणून दुप्पट चेपायला दुप्पट नव्हे, सुमारे २.८ पट जोर लागतो.

गोळ्या बनवताना पूड नीट मिसळली नाही, तर एका गोळीत औषध जास्त, दुसरीत कमी. हे मिश्रण आता संगणकावर आधी तपासता येते. त्यात लाखो कण एकमेकांवर आदळतात आणि प्रत्येक टकरीला अनेकदा हर्ट्झ यांचाच नियम लावतात.

पण लाखोंच्या गर्दीत चूक दिसत नाही. म्हणून आधी दोनच कण घेतात. चेपणे दुप्पट केल्यावर जोर २.८ पट झाला का? ऊर्जा कुठेच खर्च होत नसेल, तर कण आले त्याच वेगाने परत फिरले का? वेग दुप्पट केला, तर टकरीचा वेळ सुमारे १३ टक्क्यांनी घटला का? वॉर्डात रक्तदाबाचे नवे यंत्र आले की आम्ही ते खात्रीच्या यंत्राशी ताडून पाहतो, तसेच हे. अर्थात हर्ट्झ यांच्या नियमात चिकटपणा धरलेला नाही. बारीक, चिकट पुडीला वेगळा नियम लागतो.

पुढे कार्ल्सरुहेत त्यांनी लहरींचे प्रयोग केले, १८८९ मध्ये ते बॉनला गेले. १८९२ पासून नाक-डोक्याच्या दुखण्याने त्यांना गाठले. शस्त्रक्रिया झाल्या, उपयोग झाला नाही. १ जानेवारी १८९४ रोजी, अवघ्या ३६व्या वर्षी ते गेले. मागे पत्नी आणि दोन लहान मुली होत्या. तो रक्तवाहिन्यांचा दाह असावा, असे आज मानले जाते. आता त्यावर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे आहेत; बहुतेक रुग्ण सावरतात. नाकातून वारंवार रक्त, हटत नसलेले सायनस आणि सोबत लघवीत रक्त किंवा खोकल्यातून रक्त आले, तर दुखणे अंगावर काढू नका.