धावपटू फडेप्पा चौगुले

पहाटेच्या वेळी हिंगोलीहून कळमनुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले, तर एक दृश्य वारंवार दृष्टीस पडते. पुरते उजाडलेले नसते. दोन्ही बाजूंची शेते दवाने भिजलेली असतात. अशा त्या अंधुक उजेडात पाचसहा तरुण एका लयीत धावत जातात. कोणी पोलिसांच्या भरतीसाठी धावतो, कोणी आगामी शर्यतीसाठी, तर कोणी केवळ हौसेखातर. हिंगोली ते कळमनुरी हे अंतर सुमारे वीस-एकवीस किलोमीटर आहे. आज अर्धमॅरेथॉन ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीचा पल्लाही जवळजवळ इतकाच असतो. कळमनुरी गाठून तसेच माघारी हिंगोलीपर्यंत धावत आले, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन होते. शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी एवढा प्रचंड पल्ला परक्या देशात, पावसात, जगातील नामांकित धावपटूंच्या बरोबरीने एका तरुणाने पुरा केला. त्या तरुणाचे नाव फडेप्पा दरेप्पा चौगुले.

फडेप्पांचा जन्म १९०२ साली बेळगाव येथे झाला. बेळगाव आज कर्नाटक राज्यात आहे. त्या काळी ते मुंबई इलाख्यात होते. मराठी आणि कानडी ह्या दोन्ही भाषा तेथे पूर्वापार शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पूर्वीच्या गावकारभारात पाटलाच्या हाताखाली काम पाहणाऱ्यास चौगुला म्हणत. फडेप्पांचे आडनाव त्या जुन्या कारभाराची आठवण करून देणारे आहे. परंतु लोकांच्या स्मरणात हे नाव राहिले ते कारभारामुळे नव्हे, तर पायांतील बळामुळे.

त्या काळी आपल्या देशात धावण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळणे दुर्मीळ होते. आखीव धावपट्टी नव्हती, शिक्षक नव्हते, खेळाडूंस साजेसा पोशाखही नव्हता. मात्र खेड्यापाड्यांत धावणाऱ्यांची वाण नव्हती. शेतात राबणारी, साधी भाकर खाणारी मुले मैलोगणती अनवाणी धावत. ह्या सामर्थ्याकडे पाहणारी दृष्टी मात्र कोणाची तरी हवी होती. ती दृष्टी सर दोराबजी टाटा यांच्यापाशी होती.

दोराबजी हे प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ चिरंजीव. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे शिकत असता त्यांस खेळांची गोडी लागली, आणि ती जन्मभर टिकली. पुण्यात १९०६ साली डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था स्थापन झाली होती. ह्या संस्थेच्या मैदानी स्पर्धांत दोराबजी विशेष लक्ष घालीत. तेथे आलेल्या स्पर्धकांत बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले होती. त्यांस पाश्चात्त्य नियमांची ओळख नव्हती. शंभर यार्डांची शर्यत सरळ पट्टीवर व्हावी, प्रत्येकाचा मार्ग दोऱ्यांनी वेगळा आखावा, हे त्यांच्या गावीही नव्हते. वळणावरून धावण्यातही त्यांस काही वावगे वाटले नाही. त्यांच्या लेखी धावणे म्हणजे धावणे!

परंतु १९१९ साली लांब पल्ल्याची शर्यत झाली, तेव्हा दोराबजी चकित झाले. अनवाणी पायांनी धावलेल्या त्या मुलांनी घेतलेला वेळ युरोपातील शिकवून तयार केलेल्या धावपटूंच्या वेळेच्या जवळ जाणारा होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड त्या प्रसंगी उपस्थित होते. हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिक सामन्यांस पाठवावेत, ही कल्पना दोराबजींनी त्यांच्यापुढे मांडली आणि त्यांचे साहाय्य मागितले. पुढे अनुमती मिळाली. खर्चाचा मोठा भार स्वतः दोराबजींनी उचलला आणि उरलेला पैसा इतरांच्या मदतीतून उभा राहिला. पुण्यात १९२० साली निवडीच्या स्पर्धा झाल्या आणि सहा खेळाडूंचा चमू ठरला. त्यात पूर्मा बॅनर्जी, सदाशिव दातार, कैकाडी व फडेप्पा चौगुले हे धावपटू होते, तर कुमार नवले व रणधीर शिंदे हे मल्ल होते. फडेप्पा त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते.

त्या वर्षीचे ऑलिंपिक सामने बेल्जियम देशातील अँटवर्प शहरी भरले. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले होते आणि त्या युद्धाचे घाव बेल्जियमने सोसले होते. अशा भूमीवर २९ राष्ट्रांचे खेळाडू मित्रभावाने एकत्र आले. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज सामन्यांत प्रथम फडकला तो येथेच. हिंदुस्थानचा हा लहानसा चमू आगबोटीने समुद्र ओलांडून इंग्लंडला गेला. तेथे काही आठवडे सराव करून मग तो अँटवर्पला पोहोचला. बेळगावच्या तरुणास तेथील हवा, अन्न, भाषा, सारेच नवे होते.

फडेप्पा प्रथम दहा हजार मीटरच्या शर्यतीत उतरले. परंतु अंतिम फेरीत त्यांस स्थान मिळाले नाही. खरी कसोटी पुढेच होती. दिनांक २२ ऑगस्ट रोजी मॅरेथॉन सुरू झाली. ह्या खेपेस मॅरेथॉनचा पल्ला ४२ किलोमीटर ७५० मीटर, म्हणजे नेहमीपेक्षाही अधिक होता. ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन दुसरी झालेली नाही. हवा थंड होती आणि पाऊस पडत होता. १७ राष्ट्रांचे ४८ धावपटू त्या ओल्या रस्त्यावरून निघाले.

मॅरेथॉनचा पूर्वार्ध पायांच्या बळावर निभावतो. उत्तरार्धात मनाची परीक्षा होते. शरीरातील शक्तीचा साठा आटत जातो, स्नायू जड होतात, आणि आता थांबावे ही इच्छा प्रबळ होते. ह्या शर्यतीतही तसेच घडले. दक्षिण आफ्रिकेच्या गिटशॅम याने १९१२ सालच्या मॅरेथॉनमध्ये दुसरा क्रमांक मिळवला होता. त्यासही शर्यत सोडावी लागली. फडेप्पांचे सहकारी दातार यांस अंतर पुरे करणे शक्य झाले नाही. दातारांच्या धैर्यास त्यामुळे उणेपणा येत नाही. परंतु आता हिंदुस्थानच्या वतीने त्या रस्त्यावर एकटे फडेप्पाच उरले. आघाडीचे धावपटू कितीतरी पुढे निघून गेले होते. पदकाची आशा नव्हती. हे सामने त्या काळी केवळ हौशी खेळाडूंचे असल्याने द्रव्यलाभाचा प्रश्नच नव्हता. तरीही फडेप्पा धावत राहिले.

फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. त्यानंतर सुमारे अठरा मिनिटांनी, २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत फडेप्पांनी शर्यत पुरी केली. त्यांचा क्रमांक एकोणिसावा लागला. ४८ जणांपैकी १३ जण शेवटपर्यंत पोहोचूच शकले नाहीत. जे पोहोचले, त्यांतही सोळा जण फडेप्पांच्या मागे होते. ह्या वेळेचा हिशेब केला, तर दर चार मिनिटांस त्यांनी सुमारे एक किलोमीटर अंतर तोडले असे दिसते. विद्यार्थिमित्रांनो, एक किलोमीटर चार मिनिटांत धावून पाहा. मग त्याच गतीने आणखी एकेचाळीस किलोमीटर जायचे आहे, अशी कल्पना करा. म्हणजे ह्या पराक्रमाचे मोल कळेल.

त्या चमूस एकही पदक मिळाले नाही. रणधीर शिंदे यांचे तर कुस्तीत चौथ्या क्रमांकावर समाधान झाले. परंतु जी वाट ह्या सहाजणांनी पाडली, ती पुन्हा बुजली नाही. १९२४ साली पॅरिसला हिंदुस्थानचा चमू पुन्हा गेला आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटनेची स्थापना झाली. दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

आज मुंबईत २००४ सालापासून भरणाऱ्या मॅरेथॉनमध्ये हजारो हौशी स्त्रीपुरुष धावतात. त्यांतील अनेकजण अर्धमॅरेथॉन निवडतात. पहिला क्रमांक एकाचाच असतो, हे त्या साऱ्यांना ठाऊक असते. तरीही ते पहाटे उठतात, घाम गाळतात आणि ठरवलेले अंतर पुरे करून समाधानाने घरी जातात. फडेप्पा चौगुले ह्या सर्वांचे पूर्वज होत. विजय प्रत्येकाच्या हाती नसतो. पण हाती घेतलेले काम अर्ध्यावर न सोडणे हे बव्हंशी आपल्या हाती असते. अँटवर्पच्या ओल्या रस्त्यावर अठरा वर्षांच्या एका मुलाने हेच करून दाखवले.

स्वाध्याय

१. डेक्कन जिमखान्यावरील शर्यत पाहून दोराबजी टाटा का चकित झाले?
२. मॅरेथॉनच्या उत्तरार्धात मनाची परीक्षा होते, असे लेखकाने का म्हटले आहे?
३. एकोणिसावा क्रमांक येऊनही फडेप्पांची कामगिरी मोठी का ठरते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या गावापासून सुमारे २१ किलोमीटर अंतरावरील एक गाव शोधा व तेथवरच्या वाटेचे वर्णन करा.