राजाच्या नावाचं घर

पुण्याला शुक्रवार पेठेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. नाव ऐकून पुष्कळांना वाटतं, कुणी संस्थानिक असेल. तसं नाही. राजा म्हणजे एका चष्मेवाल्याचा लहानपणीच गेलेला मुलगा.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६ सालचा. पुण्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. अज्ञातवासी या टोपणनावाने ते कविता लिहीत. पुढे जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला. पदरमोड करून ते गावोगाव हिंडले. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. राजा गेल्यावर या जोडप्याने सगळा संग्रह त्याच्या नावाने केला.

त्यांनी जमवलं काय, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. राजेलोकांच्या तलवारी, दागिने जपणारे पुष्कळ असतात. केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं, बाहुल्या, कोरीव दरवाजे गोळा केले. म्हणजे बायांच्या रोजच्या हाताळणीतल्या आणि सुतार, तांबट, लोहार यांनी घडवलेल्या वस्तू. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून तोही इथे उभा केला. संग्रह सुमारे वीस हजारांवर गेला. जागेअभावी त्यातल्या थोड्याच वस्तू मांडता येतात.

त्यांनी आपल्या वाड्यातच संग्रहालय सुरू केलं. विकायचं म्हटलं असतं तर गिऱ्हाइकांना तोटा नव्हता. पण सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. जन्मभराची कमाई लोकांची झाली. १९९० साली ते वारले.

एक गोष्ट मात्र आम्हाला बोलली पाहिजे. अडकित्ता कुणाच्या घरचा, हे कधीमधी कळतं. घडवणारा कोण, हे बहुधा कळत नाही. कारागिराचं नाव लिहून ठेवायची आपल्याकडे रीतच नव्हती. केळकरांनी निदान त्याच्या हाताचं काम तरी वाचवलं. नाहीतर तेही भट्टीत वितळलं असतं.

बंधू-भगिनींनो, मुलाबाळांना घेऊन एकदा तिथे जाऊन या. आणि आजीचं जातं, वडिलांचा गिरणीतला बिल्ला, जुन्या मोर्चाची पत्रकं घरात असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. ती कुणाची, कुठली, हे एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. नाव राहिलं पाहिजे.