पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि सेवेला वाहिलेले जीवन

पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंडच्या अलीकडे केडगाव नावाचे स्थानक लागते. या गावाच्या माळरानावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका विधवा स्त्रीने दुष्काळात सापडलेल्या, घरातून टाकून दिलेल्या, अंध आणि निराधार स्त्रियांची एक वसाहत उभी केली. तिचे नाव 'मुक्ती मिशन'. ही स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृत विद्वान, समाजसुधारक, लेखिका आणि बायबलच्या भाषांतरकार अशा अनेक नात्यांनी त्या महाराष्ट्राला परिचित आहेत. मात्र त्यांच्या कार्यामागील मुख्य प्रेरणा श्रद्धा आणि सेवा या दोनच होत्या. त्या श्रद्धेसाठी त्यांना आपल्या समाजाचा रोष पत्करावा लागला आणि ज्या चर्चमध्ये त्यांनी प्रवेश केला त्याच्याशीही वाद घालावा लागला.

वनातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकात, सह्याद्रीच्या जंगलातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण होते. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये, असा त्या काळचा दंडक त्यांनी मानला नाही. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी स्वतः संस्कृत शिकविले. त्याबद्दल धर्ममार्तंडांची नाराजी ओढवल्यावर ते जंगलात जाऊन राहिले. रमाबाईंना संस्कृतचे पाठ मुख्यतः आईनेच दिले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा आणि पुढच्या तीर्थाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला. रमाबाईंचा बालविवाह झाला नाही, ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती.

१८७० च्या दशकात दक्षिणेत पडलेल्या दुष्काळाने या कुटुंबाची वाताहत केली. जवळचे सारे विकून झाले. अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज, अशा अवस्थेत त्यांनी जंगलातील झाडपाला खाऊन दिवस काढले. थोड्याच अवधीत वडील, आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई मरण पावल्या. आईच्या अंत्ययात्रेला खांदा देण्यासाठी पुरेशी माणसे मिळेनात. शेवटी दोन ब्राह्मण तयार झाले, पण चौथा खांदेकरी नव्हता. तेव्हा ठेंगण्या रमाबाईंनी तिरडीचा एक भार स्वतःच्या डोक्यावर घेतला. हा अनुभव त्या कधीही विसरल्या नाहीत. पुढे केडगावची दारे दुष्काळग्रस्त मुलींसाठी उघडताना या आठवणी त्यांच्यासोबत होत्या.

कलकत्त्याचा सन्मान आणि वैधव्य

आता उरलेले दोघे, रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास, पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी रमाबाईंच्या ज्ञानाची परीक्षा घेतली आणि त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वीस वर्षांच्या तरुणीला असा सन्मान मिळाल्याचे वृत्त देशभर पसरले. ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांच्या अभ्यासास प्रवृत्त केले. धर्मग्रंथांचे अध्ययन वाढले तसतसे स्त्रिया आणि शूद्र यांना मोक्षाच्या मार्गात किती दुय्यम स्थान आहे, याची जाणीव त्यांना अधिक तीव्रपणे होऊ लागली. परंपरेवरील त्यांची श्रद्धा येथूनच ढळू लागली.

१८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मणेतर होता आणि प्रांत वेगळा होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बहिष्काराची वेळ आली. सिल्चर येथील त्यांचा संसार अल्पकाळच टिकला. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने दगावले. तेविसाव्या वर्षी रमाबाई तान्ह्या मुलीसह विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, तसेच 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मराठीतून साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका तयार कराव्यात आणि स्त्रियांवर उपचार करण्यासाठी स्त्री डॉक्टर घडवाव्यात, अशा तिच्यातील मुख्य मागण्या होत्या. आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनी या साक्षीचे इंग्रजी भाषांतर करवून घेतले.

वॉन्टेजच्या भगिनी

वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. प्रवासखर्चासाठी 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीचा उपयोग झाला. तेथे त्या वॉन्टेज गावातील सेंट मेरी या भगिनीसंघाच्या मठात राहिल्या. हा संघ इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचा असला तरी त्याची उपासना आणि व्रतस्थ जीवन कॅथॉलिक परंपरेला जवळचे होते. या भगिनी पुण्यातही सेवाकार्य करीत आणि पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेतही काम केले. कमी ऐकू येत असल्याने रमाबाईंना डॉक्टर होता आले नाही. परंतु या भगिनींच्या जीवनाने त्यांच्या मनाची पकड घेतली.

लंडनच्या फुलहॅम भागात या भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. रमाबाईंनी ते पाहिले. ज्यांना घरात आणि गावात जागा नाही, अशा स्त्रियांची प्रेमाने शुश्रूषा होते, त्यांना पुन्हा माणसात आणले जाते, हे दृश्य त्यांना सर्वस्वी नवे होते. या सेवेमागे कोणती श्रद्धा आहे, याचा शोध त्या घेऊ लागल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या वृत्ताने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. कालपर्यंत त्यांचे कौतुक करणाऱ्या अनेकांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली.

धर्मांतर केले, म्हणून रमाबाई चर्चच्या आज्ञेत राहणाऱ्या अनुयायी झाल्या नाहीत. त्यांच्या गुरुस्थानी असलेल्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रयीच्या सिद्धान्ताविषयी रमाबाईंना शंका होत्या. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत असताना पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये, असा आग्रह काही बिशपांनी धरला. वडिलांनी दिलेले ज्ञान भर सभेत मांडणाऱ्या रमाबाईंना हा निर्बंध मान्य होणे शक्य नव्हते. एका धर्मातील पुरोहितांचे जोखड उतरवून दुसऱ्या धर्मातील पुरोहितांचे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती. तरीही त्या भगिनींबद्दलची कृतज्ञता त्यांनी अखेरपर्यंत जपली.

अमेरिका ते शारदा सदन

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे गेल्या. आनंदीबाई त्यांच्या दूरच्या नात्यातील होत्या. काही दिवसांसाठी केलेला हा प्रवास दोन वर्षांहून अधिक लांबला. रमाबाईंनी बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि गावोगावी व्याख्याने दिली. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याने भारतातील विधवागृहाला दहा वर्षे आर्थिक साहाय्य देण्याचे मान्य केले.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले. या शाळेच्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई जोशी ही बालविधवा होती. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी तिच्याशी पुनर्विवाह केला. हीच आनंदीबाई कर्वे. १८८९ च्या अखेरीस मुंबईत भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनास उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्रियांमध्ये रमाबाई होत्या. पुढील वर्षी सदन पुण्यास हलविण्यात आले.

सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळता येतील, असा नियम होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात होते. परंतु रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत आणि काही मुली तेथे येऊन बसत. मुलींना ख्रिस्ती करण्याचा हा प्रयत्न आहे, असा आरोप झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुलींना घरी नेले. दार लावून घेतले असते तर सदनाचा लोकाश्रय कदाचित टिकला असता. रमाबाईंनी ते लावले नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, सुधारकांनाही आपली फसगत झाल्याचे वाटले, कारण धर्माच्या बाबतीत तटस्थतेच्या भरवशावरच त्यांनी समाजाचा विरोध अंगावर घेतला होता. पुढे अनेक मुलींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि संस्थेचे स्वरूप उघडपणे ख्रिस्ती झाले. हा वाद आजही पूर्णपणे मिटलेला नाही.

दुष्काळ आणि मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. अन्नान्न दशेतील मुलींना फसवून नेणारे दलाल तेथे वावरत होते. रमाबाईंनी सुमारे तीनशे स्त्रिया व मुलींना सोबत आणले. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ होती. शहरात इतक्या मुली ठेवणे शक्य नसल्याने त्यांना केडगावच्या जमिनीवर नेण्यात आले. संस्थेसाठी फळबाग करावी म्हणून ही जमीन आधीच घेतलेली होती. सुरुवातीस मुली तंबूंत आणि झोपड्यांत राहिल्या. विहिरी खोदल्या, इमारती उठल्या आणि १८९८ मध्ये 'मुक्ती सदन' विधिवत सुरू झाले. प्लेगच्या बंदोबस्तात सरकारी छावणीतील स्त्रियांची जी अवस्था झाली, तिच्याबद्दल रमाबाईंनी वृत्तपत्रातून कठोर शब्दांत लिहिले. तो विषय ब्रिटिश संसदेपर्यंत गेला. ख्रिस्ती असल्या तरी सरकारला जाब विचारण्यास त्या कचरल्या नाहीत.

१९०० मधील गुजरातच्या दुष्काळानंतर केडगावातील रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. येथे केवळ दानावर जगणे मान्य नव्हते. प्रत्येकीला अक्षरओळख आणि हाताला काम मिळे. शेती, दुग्धव्यवसाय, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छपाई ही सर्व कामे स्त्रियाच करीत. समाजाने कलंकित ठरविलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' होते. फुलहॅमला पाहिलेले स्वप्न येथे साकार झाले. अंध स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून घेऊन त्यांना वाचायला शिकविले.

अखेरचे कार्य

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाईंनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याचे काम हाती घेतले. प्रचलित भाषांतराची भाषा अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रीला कळत नाही, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला. संस्कृतच्या पंडितेने स्वतःची विद्या बाजूस ठेवून साधे शब्द शोधले. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच केले.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. संस्थेची धुरा जिच्यावर सोपवावी, ती कन्याच आधी गेली. तरीही रमाबाईंचे भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. महाराष्ट्राने मात्र त्यांना दीर्घकाळ काहीशा अंतरावरूनच पाहिले. धर्मांतरामुळे सुधारकांच्या मालिकेत त्यांचे नाव अनेकदा मागे राहिले, तर स्वतंत्र बुद्धीमुळे चर्चच्या चौकटीतही त्या पूर्णपणे बसल्या नाहीत. मुक्ती मिशनचे कार्य त्यांच्या पश्चात शंभर वर्षांनंतरही चालू आहे. आईची तिरडी डोक्यावर घेणाऱ्या त्या मुलीने पुढे ज्या हजारो अनाथ मुलींचा भार उचलला, त्यांच्या लेकी-नातींपर्यंत पोहोचलेले शिक्षण हेच त्यांचे खरे स्मारक होय.