थॉमस क्लार्कसन

शाळेंत वादविवाद मंडळाची सभा भरली म्हणजे विषय कसे निवडले जातात, हें विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. फांशीची शिक्षा असावी कीं नसावी, दारूबंदी कायद्यानें करावी काय, युद्ध केव्हांहि न्याय्य ठरतें काय, असले प्रश्न फळ्यावर लिहिले जातात. चिठ्ठ्या टाकून कांहींस अनुकूल व कांहींस प्रतिकूल बाजू वांटून दिली जाते. भाषणें होतात, टाळ्या पडतात, परीक्षक गुण देतात, आणि दिवे मालवून मंडळी घरीं जाते. ह्यांत वाईट कांहीं आहे असें आम्हांस वाटत नाहीं. बोलण्याचा सराव व्हावा व दुसऱ्याची बाजू ऐकून घेण्याची संवय लागावी, एवढाच ह्या सभांचा हेतु असतो. परंतु असाच एक विषय घेऊन केवळ बक्षिसाच्या इच्छेनें लिहावयास बसलेल्या एका विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, तें ह्या अंकाच्या वाचकांस सांगावें असें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडच्या पूर्व भागांत विझबीच नांवाचें एक लहानसें गांव आहे. तेथें ता. २८ मार्च १७६० रोजीं थॉमस क्लार्कसनचा जन्म झाला. त्याचा बाप रेव्हरंड जॉन क्लार्कसन हा त्या गांवच्या शाळेचा मुख्य शिक्षक होता व धर्मोपदेशकहि होता. थॉमस सहा वर्षांचा असतांना बाप वारला. पुढें मुलगा लंडनच्या सेंट पॉल्स शाळेंत व तेथून केंब्रिज येथील सेंट जॉन्स कॉलेजांत गेला. १७८३ मध्यें तो बी. ए. झाला व त्याच वर्षीं त्यानें डीकनची दीक्षा घेतली. उंची सहा फुटांहून अधिक, केंस तांबूस, बुद्धि तीव्र. बापाप्रमाणें चर्चच्या सेवेंत शिरून तो सुखानें वरच्या पायरीवर चढेल, याविषयीं कोणास शंका नव्हती.

त्या काळीं केंब्रिज विद्यापीठांत दरवर्षीं लॅटिन निबंधाची चढाओढ असे. एका वर्षीं बक्षीस मिळालेंच होतें. दुसऱ्या वर्षींहि मिळवावें, ही क्लार्कसनची हांव. १७८५ सालचा विषय कुलगुरु डॉक्टर पेकार्ड यांनीं दिला होता. माणसांस त्यांच्या इच्छेविरुद्ध दास करणें न्याय्य आहे काय, असा तो प्रश्न होता. हा विषय पेकार्ड यांस सहज सुचलेला नव्हता. १७८१ मध्यें झाँग नांवाच्या इंग्रजी गलबतावरील अधिकाऱ्यांनीं शंभराहून अधिक आफ्रिकन बंदिवान जिवंत असतांना अटलांटिक समुद्रांत फेंकून दिले होते. १७८३ मध्यें तें प्रकरण न्यायालयापुढें आलें, पण कशासाठीं? बुडालेल्या मालाची विम्याची रक्कम मालकांस मिळावी कीं नाहीं, एवढ्याचसाठीं. खुनाचा खटला कोणावरहि झाला नाहीं.

क्लार्कसनला ह्या व्यापाराची कांहींच माहिती नव्हती, आणि हातीं वेळ दोनच महिन्यांचा. तो लंडनला गेला. अँथनी बेनेझेट ह्या अमेरिकेंतील क्वेकर शिक्षकाचें गिनी देशाविषयींचें पुस्तक त्यानें मिळविलें. ह्या व्यापारांत असलेल्या एका मृत मनुष्याचे कागद चाळले. वेस्ट इंडीज बेटांत राहून आलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांस गांठून विचारलें. अलंकारिक लॅटिन लिहावें व शाबासकी मिळवावी, अशा उमेदीनें आरंभिलेलें काम दिवसेंदिवस असह्य होऊं लागलें. रात्रीं झोंप येईना. खोलींत मेणबत्ती तेवत ठेवून मध्येंच उठावें व सुचलेलें टिपून घ्यावें, असा क्रम चालला.

निबंधास पहिलें बक्षीस मिळालें. जून महिन्यांत विद्यापीठाच्या सभागृहांत त्यानें तो वाचला; लोकांनीं त्याचें कौतुक केलें. नंतर घोड्यावर बसून तो लंडनकडे निघाला. परंतु निबंधांतील गोष्टी मनांतून जाईनात. वाटेंत तो पुनःपुन्हां खालीं उतरे व घोड्याचा लगाम धरून पायीं चाले. हर्टफर्डशायरांतील वेड्समिल गांवाजवळ तो रस्त्याच्या कडेस बसला. आपण लिहिलें तें खोटें आहे, अशी मनाची समजूत घालण्याचा त्यानें यत्न केला. पण आधार एकामागून एक डोळ्यांपुढें येऊं लागले. निबंधांतील मजकूर खरा असेल, तर कोणी तरी ह्या अनर्थाचा शेवट केला पाहिजे, ह्या निश्चयापर्यंत तो आला. त्या जागीं १८७९ मध्यें एक स्मारकशिला उभारण्यांत आली.

१७८६ मध्यें त्यानें तो निबंध इंग्रजींत करून जेम्स फिलिप्स नांवाच्या क्वेकर मुद्रकाकडून छापविला. ता. २२ मे १७८७ रोजीं ह्याच फिलिप्सच्या छापखान्यांत बारा गृहस्थांनीं एक समिति स्थापिली. बारांपैकीं नऊ क्वेकर होते. हे लोक शपथ घेत नसत, म्हणून त्यांस पार्लमेंटांत बसतां येत नसे. पार्लमेंटांत हा प्रश्न मांडण्याचें काम विल्यम विल्बरफोर्स ह्या तरुण सभासदानें पत्करिलें.

प्रथमच एक वाद उपस्थित झाला. हल्ला दास्यपद्धतीवरच करावा, कीं फक्त दासांच्या व्यापारावर? समितीचा अध्यक्ष ग्रॅनव्हिल शार्प याचें मत असें होतें कीं, पाप समूळ उपटावें. अर्धें ठेवून अर्धें निंदिणें हें योग्य नव्हे. इतरांस वाटलें कीं, मळेवाल्यांच्या मालमत्तेस हात घातला तर पार्लमेंट ऐकूनहि घेणार नाहीं. नवे दास येणें थांबलें, तर असलेल्यांस मालक बरें वागवितील. समितीनें दुसरा मार्ग धरिला. व्यवहाराच्या दृष्टीनें तो चुकीचा होता असें म्हणवत नाहीं. परंतु वेस्ट इंडीजच्या मळ्यांत राबणाऱ्यांस त्यामुळें आणखी पन्नास वर्षें वाट पाहावी लागली, हेंहि विसरतां येत नाहीं.

क्लार्कसनच्या वांट्यास पुरावा गोळा करण्याचें काम आलें. ब्रिस्टल व लिव्हरपूल हीं ह्या व्यापाराचीं मोठीं ठाणीं. तेथून कापड, दारू, बंदुका भरून गलबतें आफ्रिकेस जात. त्या मालाच्या बदल्यांत माणसें घेऊन वेस्ट इंडीजला जात. आणि साखर घेऊन परत येत. व्यापारी म्हणत कीं, हा धंदा इंग्रज खलाशांची शाळा आहे. क्लार्कसननें बंदरांतील हजेरीपटच उतरून घेतले आणि असें दाखविलें कीं, ती शाळा नसून स्मशान आहे. ह्या गलबतांवर गेलेल्या खलाशांपैकीं पांचांतला एक तरी मरण पावे. आफ्रिकन मनुष्याच्या दुःखानें ज्यांचीं मनें द्रवत नव्हतीं, त्यांस स्वतःच्या लोकांचा मृत्यु दाखवावा लागला. युक्तिवाद बिनतोड होता. पण त्याची गरज पडावी ही गोष्ट लाजिरवाणी होती.

लिव्हरपूलच्या एका दुकानांत हातकड्या, पायांतील बेड्या, आंगठे चिरडण्याचे पेच, आणि उपाशी मरूं पाहणाऱ्या बंदिवानांचे दांत बळेंच उघडून अन्न कोंबण्याचें एक उपकरण, ह्या वस्तु उघड विकावयास मांडल्या होत्या. क्लार्कसननें त्या विकत घेतल्या. त्याच बंदराच्या धक्क्यावर आठनऊ जणांनीं त्याला पाण्याच्या कडेकडे रेटलें. तो धडक देऊन त्यांच्यांतून निसटला म्हणून वांचला. तो एक लांकडी पेटी घेऊन हिंडे. तींत आफ्रिकेंतील विणलेलें कापड, हस्तिदंत, मिरीं, डिंक, सुंदर लांकडाचे नमुने, कातडी काम असे. माणसें न विकतां त्या देशाशीं केवढा व्यापार होऊं शकेल, हें ती पेटी उघडतांच लोकांस दिसे. त्याच्या हिशेबाप्रमाणें सात वर्षांत त्याचा सुमारें ३५,००० मैल प्रवास झाला, व त्यांतील बहुतेक घोड्यावर.

ब्रुक्स नांवाच्या गलबताचें चित्र पुष्कळांनीं इतिहासाच्या पुस्तकांत पाहिलें असेल. तें प्रथम प्लिमथच्या मंडळीनें काढलें व १७८९ मध्यें लंडनच्या समितीनें वाढवून छापलें. कायद्याप्रमाणें ह्या गलबतांत ४५४ माणसें नेण्याची परवानगी होती. चित्रांत ४८२ आकृति दाटीनें निजविलेल्या आहेत. दर पुरुषास जागा सहा फूट लांब व एक फूट चार इंच रुंद. कायदा होण्यापूर्वीं एका सफरींत ह्याच गलबतानें ६०९ माणसें नेलीं होतीं. एवढ्या आकृति नकाशावर मांडतां आल्या नाहींत.

एकदां समितीला असा साक्षीदार हवा होता कीं, जो स्वतः नदींतून वर जाऊन माणसें पकडतांना पाहून आला आहे. असा कोणी एक खलाशी आरमारी गलबतावर आहे, एवढीच माहिती. नांवहि माहीत नव्हतें. क्लार्कसन बंदरामागून बंदर घेत, दर गलबतावर चढून विचारीत चालला. अखेरीस प्लिमथ येथें आयझॅक पार्कर सांपडला. कॅलबार नदीच्या कांठच्या गांवांवर रात्रीं कसे छापे घालतात, हें त्यानें पार्लमेंटच्या समितीपुढें सांगितलें.

तरीहि १७९१ मध्यें ठराव ८८ विरुद्ध १६३ मतांनीं फेटाळला गेला. आमच्या तरुण वक्त्यांनीं त्या वेळचीं विरोधी भाषणें अभ्यासावीं. आम्हीं हा धंदा सोडला तर फ्रेंच लोक तो घेतील. लोक बेकार होतील. आफ्रिकेंतच ते दास होते. सुधारणा हळूहळू व्हावी. असे ते मुद्दे. मूर्ख माणसांचे ते मुद्दे नव्हते. पहिल्या मुद्द्याचें उत्तर शोधण्यासाठींच क्लार्कसन १७८९ मध्यें पॅरिसला जाऊन सहा महिने राहिला होता, पण हातीं कांहीं लागलें नव्हतें. बायबलांतील वचनें काढून दास्याचें समर्थन करणारे उपदेशकहि होते. आणि बार्बेडोस बेटांतील कॉड्रिंग्टन मळा, तेथील दासांसह, सुवार्ताप्रसारासाठीं स्थापिलेल्या एका इंग्रजी संस्थेच्या मालकीचा होता. हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण आमच्याच घरचें म्हणून झांकून ठेवणें बरें नव्हे.

पराभवानंतर लोकांनीं आपल्या स्वयंपाकघरांतून उत्तर दिलें. दासांनीं पिकविलेली साखर खावयाची नाहीं, असा नेम हजारों कुटुंबांनीं केला. क्लार्कसनच्या अंदाजानें तीन लक्ष माणसांनीं. ज्या स्त्रियांस मताचा हक्क नव्हता, त्यांच्या हातीं साखरेचें भांडें होतें. १७९२ मध्यें पार्लमेंटकडे ५१९ अर्ज आले. सभागृहानें व्यापार बंद करण्याचें मान्य केलें, पण त्यांत ‘हळूहळू’ हा शब्द घालून घेतला, आणि त्या एका शब्दानें पंधरा वर्षें खाल्लीं. फ्रान्सशीं युद्ध पेटलें. सुधारणेचें नांव काढणारा राजद्रोही ठरूं लागला. १७९४ मध्यें क्लार्कसनची प्रकृति पार खचली. जिना चढवेना, आवाज फुटेना. तो सरोवरांच्या मुलुखांत शेती करून राहिला. १७९६ मध्यें कॅथरिन बक हिच्याशीं त्याचा विवाह झाला. १८०४ मध्यें तो पुन्हां कामास लागला, व ता. २५ मार्च १८०७ रोजीं व्यापारबंदीच्या कायद्यास राजाची संमति मिळाली.

मळ्यांतील दास मात्र दासच राहिले. १८२३ मध्यें नवी चळवळ सुरू झाली, तेव्हां त्रेसष्टाव्या वर्षीं क्लार्कसन पुन्हां गांवोगांव फिरला. १८३३ चा कायदा झाला. मालकांस दोन कोटि पौंड भरपाई मिळाली, राबलेल्यांस एक पेनीहि नाहीं. कंपनीच्या ताब्यांतील हिंदुस्थान त्या कायद्यांतून वगळला होता. येथें दास्यास कायद्याचा आधार उरला नाहीं तो १८४३ सालापासून. हा विषय आपल्या प्रांतास परका नाहीं. अरबी समुद्रांतील गलबतांवरून सोडविलेलीं आफ्रिकन मुलें नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनमध्यें वाढलीं. त्यांतील जेकब वेनराइट हा डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या शवाबरोबर इंग्लंडला गेला, व १८७४ मध्यें वेस्टमिन्स्टर ॲबीतील त्यांच्या दफनविधीस हजर होता. १८७३ मध्यें जोतीराव फुले यांनीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, दासांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केलें.

म्हातारपणीं क्लार्कसनला एक दुःख भोगावें लागलें. विल्बरफोर्सच्या मुलांनीं १८३८ मध्यें बापाचें चरित्र लिहिलें, व त्यांत क्लार्कसनचें काम क्षुल्लक ठरविलें. ज्यानें घोड्यावर आयुष्य घालविलें, त्याला अधू दृष्टीनें जुने कागद काढून स्वतःची बाजू मांडावी लागली. पुढें त्या मुलांनीं आपली चूक कबूल केली.

१८४० च्या जून महिन्यांत लंडन येथें दास्यविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हां ऐशीं वर्षांचा क्लार्कसन आपल्या लहान नातवासह व्यासपीठावर आला. त्याच परिषदेंत अमेरिकेहून आलेल्या स्त्री-प्रतिनिधींस सभासदांत बसूं दिलें नाहीं. त्यांस बाजूस बसून ऐकावें लागलें. मनुष्याच्या स्वातंत्र्यासाठीं जमलेल्या सभेनें पहिल्याच दिवशीं हा ठराव करावा, ह्यावर आमच्या मंडळाची एक सभा सहज होईल.

१८४६ मध्यें, दास्यांतून पळून आलेला थोर वक्ता फ्रेडरिक डग्लस त्याला सफोक परगण्यांतील प्लेफर्ड हॉल येथें भेटून गेला. त्यानंतर लवकरच, ता. २६ सप्टेंबर रोजीं, क्लार्कसन वारला. प्लेफर्डच्या चर्चच्या आवारांत त्याला पुरलें. वेस्टमिन्स्टर ॲबींत त्याच्या नांवाची शिला बसली ती १९९६ मध्यें. त्याची पेटी विझबीचच्या संग्रहालयांत आहे.